शोभेच्या झाडांतला भुंगा

आक्काचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. ती शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून पोरांना पाढे लिहायला सांगून मी व्हरांड्यात आले.

"झाडाच्या पोटात काहीतरी खाऊन राहिलंय," ती म्हणाली. "खोडाला कान लावला की कुरकुर ऐकू येती. तू ये."

"रविवारी येते गं."

"रविवारपर्यंत काय थांबतंय ते. आज ये."

शाळा सुटल्यावर मी हिंगोलीहून औंढ्याची बस धरली, तिथून शिरड शहापूरची. आमचं शेत गावाच्या पुढं कालव्याला लागून आहे. उजेड होता अजून. आक्का बांधावरच उभी होती. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. हात धरून कडेच्या नारळापाशी नेलं आणि म्हणाली, "लाव कान."

मी कान लावला. आत खरंच कोणीतरी चावत होतं. एक नाही, पुष्कळ. वाळकं पाचट पायाखाली चुरडावं तसा बारीक आवाज, न थांबणारा. खोडाला खालच्या बाजूला बोट जाईल एवढी भोकं पडली होती. त्यातून तपकिरी चिकट पाणी गळत होतं आणि चघळून टाकल्यासारखा भुसा बाहेर आला होता. त्याचा आंबूस वास येत होता. वर बघितलं तर मधला कोंब कलला होता.

"हे काय गं?" मी विचारलं.

"मला म्हाईत असतं तर तुला कायला बोलावलं असतं?" आक्का चिडून म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, पण ती रडणारी बाई नाही.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती माहेरी आली आणि परत गेली नाही. वडलांनी तिला कालव्याकडची पट्टी दिली. ती पट्टी म्हणजे चिबड जमीन. कालव्याचं पाणी झिरपून कायम ओल धरणारी. हळद लावली तर कंद सडायचे, सोयाबीन पिवळं पडायचं. भावकीतले लोक म्हणायचे, बापानं पोरीला चिखल दिला. आक्कानं वसमतला एका घराच्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेला नारळ बघितला होता, घोसांनी लगडलेला. तिनं तेवढ्यावरून ठरवलं. रोपं आणली, स्वतः खड्डे घेतले, स्वतः मीठ-शेणखत घातलं. नारळ कोकणात येतो, इथं नाही, असं सांगायला माणसं मुद्दाम बांधावर येत. ती त्यांना म्हणायची, "आलाच तर तुमाला न्हाई देणार."

नारळ आला. चांगला आला. औंढ्याला देवळाबाहेरच्या दुकानांत तिचे नारळ जाऊ लागले. आमचं घर धम्म घेतलेलं. घरात ना देव, ना नारळ फोडणं. कोणी टोमणा मारला की आक्का म्हणायची, "त्यायनं देवापुढं फोडावा न्हाईतर चटणी करावी. आपुन नासका द्यायचा न्हाई, बस." त्या बागेत तिनं झोपडी बांधली, मग दोन खोल्या बांधल्या. कालव्याकडेनं मेंढरं चारणारा एक धनगर दरवर्षी आपली मेंढरं तिच्या बागेत बसवायचा. सावली त्याला, लेंडीखत आक्काला. वीसेक वर्षं आक्का असं कोणाच्याही पुढं हात न पसरता राहिली.

आणि त्या बागेच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, मंगल कार्यालय झालं.

बांधणाऱ्याला सगळे दादा म्हणत. दादांना कार्यालय साधं नको होतं. त्यांना फाटकापासून स्टेजपर्यंत दोन्ही बाजूंनी झाडं पाहिजे होती, आणि तीही लगेच मोठी झालेली. मग दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा नर्सरीतून ट्रेलरवर आडवी घालून खजुराच्या जातीची जाड बुडाची झाडं आली. क्रेननं ती उभी केली. मी बघायला गेले होते, सगळं गाव गेलं होतं. पोरं त्यांच्यापुढं फोटो काढत होती. आक्का मात्र एका झाडाच्या खोडाकडं बघून म्हणाली होती, "याला भोकं काहून हायेत?" क्रेनवाला म्हणाला, दोरीचे घाव आहेत.

वर्षाच्या आत त्यातली बरीच झाडं माना टाकून बसली. दादांच्या माणसांनी ती करवतीनं कापली, तुकडे केले आणि आमच्या बांधाला लागून असलेल्या नाल्यात ढकलून दिली. जाळली नाहीत, पुरली नाहीत. आक्कानं त्यांच्या चौकीदाराला हटकलं तेव्हा तो म्हणाला, "वाळू द्या बाई, सरपण होईल तुमाला." आक्कानं ते सरपण कधी घेतलं नाही. पण ते ओंडके तिथं उन्हापावसात पडून राहिले, आणि त्यांच्या आतून जे निघायचं ते निघून उडालं. बांधाच्या अलीकडं आमची बाग.

हे सगळं आम्ही नंतर जोडलं. त्या संध्याकाळी एवढंच कळलं की झाड आतून पोखरलंय. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आम्ही लाकूडतोड्याला बोलावून ते झाड पाडलं आणि खोड उभं फाडलं. मी आयुष्यात पुष्कळ किडे बघितलेत, हरभऱ्यातली अळी, शेणातले हुमणीचे गोळे. पण असं कधी बघितलं नव्हतं. खोड आतून राहिलंच नव्हतं. ओल्या भुशाचा लगदा, आणि त्यात अंगठ्याएवढ्या, पांढऱ्या-पिवळ्या, बिनपायांच्या अळ्या वळवळत होत्या. खोडाच्याच धाग्यांनी विणलेले कोश होते. एक कोश आक्कानं नखानं फोडला तर त्यातून तांबूस भुंगा निघाला, पुढं लांब सोंड असलेला. तो तिच्या तळहातावरून चालत गेला.

त्या भुंग्याला बाटलीत घालून मी तालुक्याला शेतीच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब तरुण होते, बोलायला चांगले होते. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि लगेच ओळखलं. "सोंड्या भुंगा. नारळाचा सगळ्यात वाईट शत्रू."

"मग काय करायचं? तुम्ही येता का बघायला?"

त्यांनी बाटली परत माझ्या हातात दिली. "म्याडम, अडचण अशी आहे की आपल्या भागात नारळाचं क्षेत्रच नाही."

"म्हणजे?"

"कागदोपत्री नाही. हळद आहे, सोयाबीन, कापूस, तूर आहे. नारळ नाही. पीक नाही तर त्याच्यावरची कीडही नाही. मग पाहणी कुठली दाखवू? सापळे कुठून मागवू?"

"माझ्या बहिणीची बाग आहे की हो. उभी आहे."

"ती आहे, मी कुठं नाही म्हणतोय. पण वर नाही."

मी त्यांना त्या टेबलावर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. चौथीपर्यंतच्या लेकरांना शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभणार नाही. शिपाई आत आला, शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. साहेब शांतपणे म्हणाले, तुमचा त्रास समजू शकतो. त्या वाक्यानं माझं डोकं आणखी फिरलं. एक मात्र त्यांनी केलं. कामगंध सापळे कसे लावायचे ते एका कोऱ्या कागदावर काढून दाखवलं आणि ते कुठं मिळतात ते सांगितलं. बादलीला भोकं पाडायची, आत भुंग्याला ओढणारा वास, सोबत आंबलेली केळी आणि पाणी. भुंगा आत पडतो, बाहेर येत नाही.

आम्ही सापळे आणले. पहिल्या सकाळी आक्कानं बादलीत बघितलं आणि मला फोन केला. "तळ झाकून गेलाय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मग एकेक झाड जायला लागलं. नारळाचं दुखणं बाहेर दिसतं तेव्हा आतलं सगळं संपलेलं असतं. वरून झाड हिरवं, घोस लागलेले, आणि एका वाऱ्यात शेंडा मोडून खाली. ज्या झाडात आवाज आला ते पाडायचं, फाडायचं, डिझेल टाकून जाळायचं. आक्का प्रत्येक झाडाला रोज कान लावत फिरायची. मी सुट्टीच्या दिवशी जायची. ओलं खोड लवकर पेटत नाही, धूर डोळ्यात जातो. पलीकडं कार्यालयात लग्नं लागत असायची आणि त्यांचा माणूस येऊन सांगायचा, "धूर थांबवा, पाव्हण्यांना तकलीफ होऊन राहिली."

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा आक्का उठली. तिनं घमेलं घेतलं. फाडलेल्या खोडातल्या अळ्या, कोश, भुंगे, लगदा, सगळं ओंजळीनं घमेल्यात भरलं आणि रस्ता ओलांडून निघाली. मी तिच्या मागं. फाटकावर अत्तर शिंपडायला उभ्या असलेल्या पोरी बाजूला सरकल्या. दादा आपल्या केबिनमध्ये वधूकडच्या कोणाशी तरी बोलत बसले होते. काचेचं टेबल, त्यावर पेढ्यांचा बॉक्स.

"या ताई, या," ते उठले. "बसा."

आक्कानं घमेलं त्या काचेवर पालथं केलं.

वधूकडचा माणूस खुर्चीसकट मागं सरकला. अळ्या काचेवर पसरल्या, पेढ्यांवर चढल्या. एक भुंगा उडून दादांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. दादांनी तो झटकला आणि ओरडले, "हे काय आहे?"

"तुमचं हाये," आक्का म्हणाली. "तुमची झाडं घेऊन आली होती. माघारी द्यायला आले."

दादा लवकर सावरले. अशी माणसं लवकर सावरतात. त्यांनी चौकीदाराला टेबल पुसायला सांगितलं आणि हसून म्हणाले, "ताई, किडा हवेत उडतो. त्याच्या पाठीवर माझं नाव लिवलंय का?"

"नाल्यात टाकलेल्या तुमच्या ओंडक्यात तेच भुंगे निघालेत," मी म्हणाले. "मी स्वतः फोडून बघितले. व्हिडिओ आहे."

"असतील की. तुमच्याच बागेतून आले असतील तिकडं." मग आवाज खाली आणून ते आक्काला म्हणाले, "तुमाला झाडं काढायला जेसीबी देतो मी. सगळी एकदाच काढून घ्या. चिबडच हाये ती जमीन, तिथं तसंही काय येणार? मला पार्किंगला जागा पायजेच हाये. बघू आपण काय ते."

घमेलं घेऊन आक्का बाहेर आली. रस्त्याच्या मधोमध थांबून माझ्याकडं वळून म्हणाली, "त्याला म्हाईत होतं." मी म्हटलं, असेलही, नसेलही. ती म्हणाली, "न्हाई. त्याला म्हाईत होतं. त्याला नवल वाटलं न्हाई, बघितलंस का? किडा बघून घाबरला, पण कोणता किडा ते विचारलं न्हाई त्यानं."

मी त्या वाक्यावर घरी जाऊनही विचार करत बसले. ते बराबर होतं.

पुढच्या लग्नसराईच्या आधी दादांनी पुन्हा झाडं मागवली. हे आम्हाला कळलं ते धनगरामुळं. तो रस्त्याकडेनं मेंढरं घेऊन येत होता, ट्रेलर चहाला थांबलेला त्यानं बघितला, आणि त्यानं आक्काला फोन लावला. आक्कानं वस्तीतल्या बायकांना हाका मारल्या. रविवार होता, मी तिथंच होते. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा ट्रेलर कालव्याच्या पुलापाशी पोचला होता. आम्हाला त्याला थांबवायची वेळच आली नाही. धनगरानं आपली सगळी मेंढरं पुलावर घातली होती. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लोकर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मेंढरं एकमेकांच्या अंगावर चढत होती, हलत नव्हती.

ड्रायव्हर खाली उतरला. "माताजी, हमको क्या मालूम, हमको तो बस पहुँचाना है."

मी ट्रेलरवर चढले. झाडांची पानं गोणपाटात बांधलेली होती. प्रत्येक खोडावर नर्सरीनं निळ्या रंगाचा पट्टा मारला होता. पट्ट्याच्या खाली भोकं होती आणि भोकांत ओला भुसा. मी हात घालून तो उपसला, आतून कोश निघाला. मी तो वर धरून दाखवला. बायकांनी जो गलका केला तो मला अजून आठवतो. दादांची गाडी आली, मग पोलीस आले. पोलिसांनी आधी आम्हालाच दम दिला, रस्ता अडवला म्हणून. आक्का त्यांना म्हणाली, "मेंढरायला सांगा. रस्ता त्यायनं अडवलाय." शेवटी पोलिसांनी ट्रेलर वळवायला लावला. दादा निघताना गाडीच्या काचेतून म्हणाले, "बाया झाडाला घाबरायला लागल्या." आम्ही हसलो नाही. पण त्या दिवशी आक्का पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवली.

मला वाटलं, झाडं आली तिकडं परत गेली. एवढी मी भाबडी.

त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाला मी वाशिमला एका नातेवाइकाकडं निघाले होते. कनेरगाव नाक्यावर बस चहाला थांबली. ढाब्याच्या फाटकाला दोन्ही बाजूंना दोन झाडं उभी. खोडावर निळा पट्टा.

मी ढाब्याच्या मालकाला शोधलं. भट्टीपाशी उभा, पोट सुटलेला, घामेजलेला माणूस. "ही झाडं कुठून आणली?"

"एका मोठ्या माणसानं देल्ली म्याडम. फुकट. म्हणे, माझ्याकडं जागा न्हाई, तुमी लावा, शोभा येईल."

किडकी आहेत हे पुलावर चारचौघांत दाखवल्यावर दादांनी ती जाळली नाहीत, परतही पाठवली नाहीत. मन मोठं असल्याचं दाखवत वाटून टाकली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं कोणाला काही माहीत नाही.

मी त्या ढाबेवाल्यावरच ओरडले. सगळं सांगितलं, उलटसुलट, आक्का, बाग, भुंगा, मेंढरं. बस सुटायचा हॉर्न देत होती. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, येता का राहता?" मी म्हटलं, राहते.

ढाबेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा पंचा खाटेवर टाकून तो झाडापाशी गेला आणि मधलं पान धरून ओढलं. पान सहज हातात आलं. त्याचं बूड कुजलेलं होतं, आणि त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं. "माझ्या सासऱ्याच्या अंगणात चार नारळ हायेत," तो म्हणाला. "इथंच, मागं." मग त्यानं एक शिवी दिली, जी मी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पहार आली, कुऱ्हाड आली. त्यानं स्वतः दोन्ही झाडं पाडली, फोडली आणि ढाब्याच्या मागं खड्ड्यात टाकून पेटवून दिली. गिऱ्हाइकं जेवण सोडून बघत होती. आग धरल्यावर त्यानं दादांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दादा म्हणाले, "अरे, फुकट दिलेल्या वस्तूची काय तक्रार?" ढाबेवाला म्हणाला, "लोकायच्या दारात साप सोडतो अन् म्हणतो फुकट देल्ला!" फोन पलीकडून बंद झाला.

"अजून कोणाकोणाला वाटली त्यानं?" त्यानं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्याला एक माहीत होतं. पुढच्या गावातल्या शाळेचं फाटक. त्यानं मोटारसायकल काढली आणि मी मागं बसले. तिथल्या हेडमास्तरांनी आधी ऐकलं नाही. ती झाडं पाहुण्यांच्या हस्ते, नारळ फोडून, फोटो काढून लावली होती. मी त्यांना म्हटलं, "सर, मी पण शिक्षिका आहे. फोटो ठेवा, झाडं जाळा." त्यांनी एका खोडाला कान लावला. मग त्यांनी पोरांना फाटकापासून लांब जायला सांगितलं.

दादांवर काहीही झालं नाही. मी दिलेल्या अर्जांना उत्तर आलं की चौकशी चालू आहे. कार्यालयात लग्नं लागतात. फाटकापासून स्टेजपर्यंत आता प्लास्टिकची झाडं आहेत, त्यांच्यावर दिवे लावलेत. आक्काची निम्मी बाग गेली. उरलेल्या झाडांत ती बादल्या टांगून ठेवते आणि पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात बुडवते. मोकळ्या झालेल्या जागेत तिनं काहीही लावलेलं नाही. पार्किंगसाठी पुन्हा निरोप आला होता, तेव्हा तिनं निरोप्याला बांधावरूनच परत पाठवलं. मी तिला एकदा म्हटलं, थोडा दम घे, माझ्याकडं येऊन राहा. ती म्हणाली, "अन् इथं कान कोण लावल?"

माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही. पण तो आता माझ्या एकटीचा नाही. धनगर मेंढरं घेऊन जिथं जाईल तिथून फोन करतो. वस्तीतल्या बायका बसमधून जाताना कोणाच्या दारात असं झाड दिसलं तर गावाचं नाव विचारून ठेवतात. परवा दुपारी मी शाळेतून घरी आले तोच ढाबेवाल्याचा फोन आला.

"म्याडम, वाशिमकडून झाडांचा एक ट्रेलर येऊन राहिला. आडवी घातलेली हायेत, मोठी. इथंच डिझेल भरून राहिला तो. काय करू?"

"खोडं बघितली का?"

"अजून न्हाई. ड्रायव्हर वर चढू देईना."

"मग गाडी आडवी लाव," मी म्हटलं. "मी निघाले."